महिन्याला चार पिंपं

“मग उरलेला गाळ गेला कुठं?”

नंदकिशोर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं. हे प्रदूषण तपासणारे सरकारी साहेब. भोपाळच्या वायुकांडाला तीन वर्षं होत आली होती, तेव्हापासून प्रत्येक कारखान्याला गाळाचा हिशेब फॉर्मवर भरून द्यावा लागायचा.

मरोळच्या या शेडमध्ये सायकलच्या हँडलांना क्रोम चढवायचे. हँडलं चकचकीत व्हायची आणि मागे उरायचा विषारी गाळ. चौऱ्याऐंशी साली महिन्याला बारा पिंपं. पुढच्या वर्षी नऊ. मग सहा. यंदा चार. आणि हँडलं मात्र दुप्पट! कुठंतरी पाणी मुरतंय, याबद्दल साहेबांना तिळमात्र शंका नव्हती.

फोरमन इग्नेशियस मिरांडा समोर हात पुसत उभा. तो मरोळ गावठाणातलाच. गावठाणातली विहीर मे महिन्यापासून पिवळी झाली होती. साठ घरं त्या विहिरीवर जगायची. तक्रारअर्जावर पहिली सही इग्नेशियसच्या सख्ख्या बहिणीची, विनीची. ‘आमचाच माणूस त्या कामात आहे, त्याला विचारा,’ असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. तेव्हापासून ती त्याला उंबऱ्याच्या आत घेत नव्हती. रविवारी चर्चमध्ये बाक बदलून बसायची. सख्खी बहीण हो! माणसानं जायचं कुठं?

“कुठंच गेला नाही, साहेब. झालाच नाही,” इग्नेशियस म्हणाला.

“अरे वा! जादू?”

“तुम्हीच बघा ना. धाकू, काढ रे एक.”

धाकूनं क्रोमच्या टाकीतून हँडल वर काढलं. पूर्वी ते तसंच ठिबकत धुण्याच्या पाण्यात जायचं. त्याच्याबरोबर ॲसिड जायचं, पाणी पिवळं व्हायचं, मग औषधं टाकून त्याचा गाळ बसवायचा. आता धाकूनं हँडल टाकीवरच हुकाला टांगलं आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागला.

“हे काय चाललंय?”

“‘आमच्या बापा’ म्हणतोय. प्रार्थना संपेपर्यंत हँडल टांगलेलं ठेवायचं. सगळं ॲसिड परत टाकीत ठिबकतं. पहिल्या धुण्याचं पाणीपण परत टाकीतच. घड्याळ काय मालक देईना, म्हणून सगळ्यांना प्रार्थना शिकवली. हा मालवणचा, पण फादरपेक्षा झकास म्हणतो.”

“घाय केली तर मास्तर पयल्यापासून म्हणूक लावतत,” धाकू कुरकुरला.

एवढ्यावर ऐकतील ते साहेब कसले? त्यांनी मागचं गटार उघडून पाहिलं. शेडमागची जमीन काठीनं उकरली. शेवटी ॲसिड किती आलं त्याच्या पावत्या मागवल्या. गाळ चोरून ओतला असता तर ॲसिड पूर्वीइतकंच लागलं असतं. पण तेही वर्षावर्षाला कमीच होत गेलं होतं.

“मास्तर, तुम्ही खरे आहात,” साहेब म्हणाले.

इग्नेशियसच्या डोळ्यांत पाणीच आलं. आता विनीच्या दारात ताठ मानेनं उभं राहता येईल, एवढंच त्याच्या मनात आलं. साहेबांचं तोंड मात्र कडूच होतं. त्यांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. याच औद्योगिक आवारातल्या बाकीच्या अकरा क्रोमवाल्यांचे फॉर्म होते ते. पहिला उघडला. बारा, नऊ, सहा, चार. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. बारा, नऊ, सहा, चार.

“तिकडंही प्रार्थना चालते का?”

इग्नेशियसनं कपाळावर हात मारून घेतला. “हा अनंत! गेटवरचा टायपिस्ट. सगळ्यांचे सरकारी फॉर्म तोच भरतो. माझा फॉर्म एकदा काही न विचारता पास झाला. तेव्हापासून जो तो त्याला सांगतो, मास्तरांचेच आकडे घाल, ते पास होतात.”

“आणि त्यांचा खरा गाळ शेडमागे मुरतो. तुमच्या विहिरीत उतरतो.”

“मग धरा की त्यांना!”

“कसा धरू? आकडे सारखे म्हणून गुन्हा होत नाही. एकच काम, एकच गाळ, म्हणतील. आकडे सारखे असले की आमच्याकडे एकच शेड नमुना म्हणून तपासतात. तुमची निघाली. तुम्ही पास, की अकराही पास. तुम्ही नापास, तर बाराही शेडना टाळं लागतं आणि सगळ्यांच्या मागची जमीन खणून बघतात. आणि तुम्ही तर खरे निघालात, मास्तर!” साहेब अक्षरशः चिडले होते. खऱ्या माणसावर चिडायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

त्यांनी पेन उघडलं. रिपोर्टवर ‘आकडे बरोबर’ लिहायला हात टेकवला. इग्नेशियसनं आपला ॲसिडनं भाजलेला पंजा कागदावर ठेवला.

“नापास झालो तर खणणार? नक्की?”

“नक्की. पण निकाल लागायला महिने जातील. तोवर नोटीस तुमच्या नावानं लागेल. गाव म्हणेल, बघा, बहीण बोलली तेच खरं. कळतंय ना?”

धाकूची पुढच्या हँडलाची प्रार्थना संपली होती. हँडल हातात घेऊन तो बघतच राहिला.

इग्नेशियसनं पंजा उचलला.

“कळतंय. लिहा साहेब. इग्नेशियस मिरांडा खोटं बोलतो.”