पैलवान हजर

पैलवान राजवीरच्या गाडीखाली गडमुडशिंगीच्या कृष्णातचा पाय गेला, तेव्हापासून उरलेल्या पायानं तो कोर्टाचा उंबरा झिजवत होता. दर तारखेला आरोपीच्या वकिलाचं एकच पालुपद, पैलवान कुस्तीला गेलेत. आणि कोर्ट पुढची तारीख द्यायचं. आज मात्र पैलवान स्वतः हजर झाला. कुबडी टेकत कृष्णात दारात पोचला, तर त्याची बाजू मांडणारे सरकारी वकीलच आरोपीला फेटा बांधत होते. शिपायानं कृष्णातला अडवलं.

"पावणं, फोटोची रांग तिकडं हाय."

"फोटोला न्हाय, साक्ष द्यायला आलोय. आजवर पैलवान येत न्हवता म्हणून काम अडलं हुतं."

"मग पुढच्या तारखेला या की. आज पैलवान आल्यात, काम कसलं हुतंय?"