टोपीवरचा बूट

फिजिक्सच्या पीएचडीची तोंडी परीक्षा संपली आणि इथल्या जर्मन रीतीप्रमाणे लॅबमधल्यांनी माझ्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवली. माझी कार्ल्सरूहेतली वर्षं तिच्यावर चिकटवली होती: लेसर, सायकल, कुकरची शिट्टी. एका कडेला माझ्या गाइड सरांच्या लॅबची किल्ली होती, कारण त्यांनी मला पुढच्या संशोधनासाठी थांबायला सांगितलं होतं. दुसऱ्या कडेला चिमुकला बूट बघून मी गारच पडले. बुटांच्या एका कंपनीने देऊ केलेली नोकरी मी सरांपासून लपवली होती. "कंपनीने तुझ्याबद्दल मलाच विचारलं," सर हसले. "तर मग, किल्ली आणि बूट दोन्ही मीच हलकं चिकटवलंय. नको ते काढून टाक." फोनमधून बाबा ओरडले, "काय डॉक्टर, आता पुढे काय?" "बाबा, खरंच कळत नाहीये." तेवढ्यात गाणं लागलं. सगळे हात वर करून नाचायला लागले. मीही नाचले, पण काहीच पडू नये म्हणून दोन्ही हातांनी टोपी धरून.