शुक्रवारचा कचरा

"झडतीचं वॉरंट नाही ना? मग उंबऱ्याबाहेरच थांबा," व्हर्लीन म्हणाली. क्लीव्हलंडचे ते दोघे पोलीस समोरच्या गाडीत जाऊन बसले.

सोफ्यावर लोळणारा तिचा धाकटा मुलगा डेमंड हसला. "भारी, आई. फक्त कचऱ्याची गाडी दिसल्याशिवाय कचरा बाहेर ठेवू नकोस. रस्त्यावरचा कचरा उघडायला त्यांना वॉरंट लागत नाही."

"माहितेय रे. किती वेळा सांगशील?" ती थकून म्हणाली. ज्या पावडरीच्या नशेने तिचा थोरला मुलगा गेला, तीच हा विकत होता.

कचऱ्याची गाडी शुक्रवारी यायची. आज मंगळवार होता.

डेमंडला डुलकी लागल्यावर व्हर्लीनने त्याच्या खोलीतली कचऱ्याची पिशवी ओढत नेली आणि पोलिसांच्या गाडीसमोर, रस्त्याच्या कडेला ठेवली.