क्लोतिल्दचं नाक

"ही कोण बया, साहेब?" मोलकरणीनं विचारलं आणि ओनोरेनं सातवं चित्रही फाडलं.

त्याच्या कुंचल्यानं निम्म्या पॅरिसच्या बायकांची नाकं सरळ केली होती. उरलेल्या रांगेत उभ्या होत्या. पण गेलेल्या बायकोचं चित्र काढायला बसला, की क्लोतिल्दचं वाकडं नाकही आपोआप सरळ होई. रोज कॅनव्हासवर देखणी परकी बाई येऊन बसे आणि खरा चेहरा आठवणीतून पुसला जाई.

शेवटी त्यानं तो शहाणा उजवा हात कमरेला बांधला आणि रडत रडत डाव्यानं रंगवलं. नाक वाकडं झालं, एक भुवई रागानं वर चढली.

मोलकरीण दारातच थबकली.

"साहेब, चिखलाचे बूट काढा आधी," ती कुजबुजली. "बाईसाहेब बघतायत."

ओनोरेनं मुकाट्यानं काढले.