पुलावरचा झेंडा

मुलांनो, प्रागमधला नदीवरचा जुना दगडी पूल डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबरची कोवळी थंडी आहे. सहलीचे व्यवस्थापक लाल झेंडा नाचवत ओरडले, “पाचच मिनिटं! फोटो काढा, चला! झेंडा जिथे, तिथे आपण!”

आठ वर्षांच्या भाचीला घेऊन सहलीला आलेली कुमुदआत्या मात्र पुलावरच फतकल मारून बसली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना तिने हा पूल फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. तिने वही उघडली.

“मॅडम, बस निघेल!”

“निघू दे. चित्र पुरं झाल्याशिवाय मी हलणार नाही.”

बाकीचे निमूट झेंड्यामागे निघाले. तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. तो घ्यायला व्यवस्थापकांनी झेंडा कठड्याला टेकवला.

आत्याच्या भाचीने झेंडा पळवला, आत्याशेजारी उंच धरला आणि खणखणीत हाक दिली, “झेंडा जिथे, तिथे आपण!”