त्याला आत कोणी घेतलं?

"थांब, थांब! मागे घे जरा," आई म्हणाली, तेव्हा लेकीला आधी खरंच वाटेना. हा सिनेमा लागला की आई एरवी मटार सोलायची, कपड्यांच्या घड्या घालायची, मध्येच पेंगायची. पडद्याकडे बघायची म्हणून नाही.

भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून दोघी बसल्या होत्या. लेक टीव्हीला नाक लावून, कारण चष्मा सासरीच राहिला होता. अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आलेल्या माणसाला चष्म्याचं भान कुठलं! आईने विचारलं काहीच नव्हतं. गालावरचा वळ दिसत होता, तेवढं पुरे होतं. त्या दिवसापासून दाराची साखळी निघाली नव्हती. जावयाचा पाय या उंबऱ्याच्या आत पडू द्यायचा नाही, एवढं आईने मनाशी पक्कं केलं होतं.

जीव रमावा म्हणून लेकीने निवडला तो हाच, कॉलेजात असताना पाठ झालेला व्हँपायरचा सिनेमा. आपल्या भाषेत डब केलेला. त्यातली माणसं आधी तोंड उघडत आणि शब्द मागाहून धापा टाकत येत.

लेकीने मागे घेतलं. फाटकाशी काळ्या कोटातला देखणा पाहुणा. त्याच्यासमोर, पाठमोरी, घरची म्हातारी.

याच जागी लेक आणि तिच्या मैत्रिणी वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या. कोणी बोलावल्याशिवाय व्हँपायरला घरात शिरता येत नाही, हा नियम. मग याला आत कोणी घेतलं? नायिकेने नाही, मोलकरणीने नाही. म्हातारी तर त्याला फाटकातूनच वाटेला लावते. शेवटी दिग्दर्शकच विसरला असं ठरवून सगळ्यांनी नाद सोडला होता.

"बघू नकोस, नुसतं ऐक," आई म्हणाली.

पाहुण्याने हॅट डोक्यावर ठेवली. "बरं, येतो."

"या," म्हातारी म्हणाली आणि तिने फाटक लावून घेतलं.

लेक गर्रकन वळली. "आई!"

"मग काय तर. तो निघताना 'येतो' म्हणाला, आणि ही बावळट 'या' म्हणाली. झालं की बोलावणं!"

"पण मूळ सिनेमात हे नसणारच गं. त्यांच्यात निघताना 'येतो' कोण म्हणतंय? म्हणजे डबिंगवाल्यानेच घेतलं त्याला आत!"

लेक पोट धरधरून हसली. इथे आल्यापासून पहिल्यांदाच. ते बघून आईचा जीव भांड्यात पडला. तीही हसायला लागली, पण तिचं हसू अर्ध्यावरच विरलं. दिवसातून आपण किती जणांना 'या' म्हणतो! गॅसवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, चुकून आपल्या दारात आलेल्या कुणालाही. तोंडातून निघून जातं, कळतसुद्धा नाही.

तेवढ्यात बेल वाजली.

आईने साखळी न काढता दार उघडलं. फटीत जावई उभा होता. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. शेजारणी अजूनही त्याचं कौतुक करत, असा जावई मिळायला नशीब लागतं म्हणत.

"आत नाही येत, आई. हा चष्मा तेवढा द्यायचा होता." त्याने फटीतून हात पुढे केला. "काडी मोडली होती ना, नवी बसवून आणलीय. तिचं अडत असेल."

काडी कशी मोडली, ते आईला आत्ता कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चष्मा तिने हिसकावूनच घेतला.

"बरी आहे ना ती? तिला काही बोलू नका. तिला वाटेल तेव्हा येऊ दे." आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्यालाच अपराधी वाटावं. "बरं, येतो मग."

म्हणाला, पण हलला नाही. हसतमुखाने तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

आईच्या जिभेवर शब्द येऊन बसला. जन्मभराची सवय. दात आवळून तिने तो अडवला. त्याच्या जागी दुसरा शब्द होता, पण निघालेल्या माणसाला तो म्हणणं तिला शिवी देण्यापेक्षा वाईट वाटायचं.

"जा," ती म्हणाली.

जावयाचं हसू मावळलं. तो वळला, एक पायरी उतरला, मग दुसरी. जमलं, आईला वाटलं, जमलं आपल्याला.

मागून लेकीचा हात आला. आईच्या मुठीतून तिने चष्मा सोडवून घेतला, डोळ्यांवर चढवला, नव्या काडीवरून बोट फिरवलं. आत सिनेमा चालूच होता.

"छान बसवलीय," ती हळूच म्हणाली. मग आईच्या खांद्यावरून, फटीतून जिन्याकडे बघत म्हणाली, "ये हं."

जावई थांबला. उतरलेल्या दोन पायऱ्या परत चढून वर आला. साखळीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. दाराबाहेर खाली वाकला आणि सावकाश बुटांच्या नाड्या सोडू लागला.