कानावरचा भरवसा

जिलानीनं नाणं उभं धरलं आणि सायकलच्या फोर्कच्या नळीवर टकटक करत खाली आणलं. मग नळी फिरवून पुन्हा. कार्बनच्या थरात कुठं पोकळी असली की आवाज बसका येतो. इथं सगळीकडं खणखणीत आला.

“झालं की मग,” म्हणत शेषेराव सरांनी पुढचं चाक धरणारा तो फोर्क घ्यायला हात पुढं केला.

जिलानीनं फोर्क सोडला नाही. “परवा न्या, सर.”

शेषेराव सर लातूरच्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत. त्यांची मुलगी सृष्टी उद्या सकाळी सायकलवर जवळच्या मुरुडला निघणार होती. तिच्या फोर्कची वरची नळी, हँडल जिथं आवळतात तिथंच, केसाएवढी चिरली होती. कुणीतरी बोल्ट जास्त पिळला होता. ही नळी फ्रेमच्या आत जाते, एकदा बसवली की दिसत नाही. चालत्या सायकलवर मोडली तर हँडल हातात येतं आणि माणूस तोंडावर पडतो. जिलानीनं आतून ॲल्युमिनियमची बारीक नळी चिकटवून तिला आधार दिला होता. ते चिकटवलेलं दोन दिवस वाळलं होतं.

“आवाज चांगला आला ना?”

“लई चांगला आला.”

“मग अडलं कुठं?”

“वजन टांगून ठेवतो. उद्याचा दिवस टिकलं तर तुमचं.”

सर हसले. “जिलानीभाई, पोरांना ध्वनी मीच शिकवतो. आत पोकळी असती तर आवाज बदललाच असता. होय का नाही, एवढंच सांगा.”

“तुमच्या पेपरात चार पर्याय असतात, त्यातला एक खरा असतोच. इथं तसं न्हाई.”

सरांचं हसू गेलं. “पोरगी दोन वर्षं खोली ते क्लास अन् क्लास ते खोली करून राहिली. नीटची परीक्षा संपली, आता उद्या पहिल्यांदा बाहेर पडणार. तिला काय सांगू? मिस्त्रीला स्वतःच्या कानावर भरवसा न्हाई म्हणून?”

“हाव. असंच सांगा.”

जिलानीनं नळी लाकडाच्या खाचेत आडवी आवळली. फोर्कच्या टोकाला वाळूची पिशवी टांगली. मग पाठमोराच बोलू लागला.

“भूकंपाच्या साली मी इथंच चाकं सरळ करायचो. तारा वाजवून. उस्ताद म्हणायचा, ह्याचा कान लाखात एक. भूकंप झाला त्या दिवशी दुपारी किल्लारीकडच्या एका गावात पोचलो. जवान थोडे, ढिगारे लई. एका घराच्या ढिगाऱ्यावर चढलो. तुळई वर आलती, तिच्यावर पान्यानं ठोकलं अन् कान लावला. लई वेळ लावला. काहीच न्हाई. जवानानं विचारलं, कोई है? मी म्हणलं, कोई नहीं, आगे चलो. शेजारच्या ढिगाऱ्यातून दोघं जिवंत निघाले.”

जिलानीनं हलणारी पिशवी हातानं थांबवली.

“तिसऱ्या दिवशी ते घर उकरलं. आत एक बाई होती. हातात पितळी लोटा. लोटा एका अंगानं चेपून सपाट झालता, ठोकून ठोकून. वर दोन हात माती, सर. मातीनं आवाज वर येऊच दिला न्हाई.”

सरांनी मोबाइल काढला. मुरुड उद्या नाही, रविवारी, असं मुलीला सांगितलं. ती चिडली. ती फोन ठेवेपर्यंत त्यांनी ऐकून घेतलं. मग ते स्टुलावर बसले.

“कुणाचं घर होतं ते?”

जिलानीनं दुसरी पिशवी टांगली. नळीला डोळा लावून पाहिलं.

“आमचं,” तो म्हणाला.